बाजारातल्या इन्क्लूजनवाल्या रफ हिऱ्यांवरून प्रावरणाबद्दल नेमकं काय काढता येईल?

खडकमित्र (प्रश्न)

एम.एस्सी. भूशास्त्राच्या प्रकल्पासाठी मुंबईतल्या ऑपेरा हाऊसच्या हिरेबाजारातून हलक्या प्रतीचे सहा रफ (न घासलेले) हिरे मिळाले आहेत. वजन प्रत्येकी ०.३ ते ०.६ कॅरेट. चार अष्टफलक आहेत, त्यातल्या दोघांच्या कडा गोलावलेल्या. एक चपटा पिवळा तुकडा आहे आणि एक राखाडी, घनाकृती, आरपार न दिसणारा. दहापट भिंगातून तीन अष्टफलकांत काळे ठिपके (इन्क्लूजन, म्हणजे हिऱ्यात अडकलेली दुसरी खनिजं) दिसतात आणि त्यांच्याभोवती चकतीसारख्या काळसर चिरा आहेत. चौथ्यात साधारण ०.१ मिमीचा जांभळट दाणा आहे. माल मिक्स असल्याने खाण कोणती ते कळायला मार्ग नाही.

हिरे फोडायची मुभा आहे, पण बदली नग मिळणार नाहीत. मुंबईतच एफटीआयआर (अवरक्त शोषण मोजणारं), रामन (लेझरने खनिज ओळखणारं), एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आणि ईपीएमए (दाण्याचे रासायनिक घटक मोजणारं) या यंत्रांवर वेळ मिळू शकतो. काम कोणत्या क्रमाने करावं? हिरा प्रावरणात (भूकवचाखालच्या थरात) किती खोलीवर, किती तापमानाला तयार झाला ते यातून निघेल का? आणि वय?

लहरसंख्या

फोडणं अगदी शेवटी. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी आधीचा काहीतरी पुरावा पुसते, म्हणून क्रम असा ठेवा: फोटो आणि नकाशा, मग रामन, मग एफटीआयआर, मग काप काढून कॅथोडोल्युमिनेसन्स (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने हिरा चमकवून वाढीचे थर बघणं), मग कापावर पुन्हा एफटीआयआर, आणि त्यानंतर इन्क्लूजन बाहेर.

पिवळा चपटा तुकडा सर्वांत आधी तपासा, तो नैसर्गिक आहे याची खात्री नाही. एफटीआयआरमध्ये ११३० आणि १३४४ प्रति सेंमी या जागी शिखरं आली तर नायट्रोजनचे अणू सुटे आहेत, म्हणजे टाइप १बी. प्रावरणाच्या तापमानात कोट्यवधी वर्षं राहिलेल्या हिऱ्यात सुटे अणू सहसा उरत नाहीत, जोड्या बनतात. नैसर्गिक १बी असतात, पण दुर्मीळ. प्रयोगशाळेत उच्च दाबाखाली वाढवलेला पिवळा हिरा मात्र बहुधा १बीच असतो आणि त्यात धातूचे कण असतील तर तो चुंबकाला प्रतिसाद देतो. तसं निघालं तर तो नग प्रकल्पातून काढून टाका, प्रावरणाशी त्याचा संबंध नाही.

आता बाकीच्यांचं. नायट्रोजन हिऱ्यात आधी सुटा असतो, मग दोन-दोन अणूंच्या जोड्या होतात (ए केंद्र, १२८२ प्रति सेंमी), आणि फार काळाने चार अणू एका रिकाम्या जागेभोवती जमतात (बी केंद्र, ११७५ प्रति सेंमी). ए चं बी मध्ये रूपांतर किती झालं ते तापमान, काळ आणि नायट्रोजनचं एकूण प्रमाण या तिन्हींवर ठरतं. ५०० पीपीएम (दर दहा लाख अणूंत ५००) नायट्रोजन आहे, त्यातला ३० टक्के बी झालाय आणि हिरा प्रावरणात १०० कोटी वर्षं होता असं धरा. सरासरी तापमान साधारण ११३५ अंश सेल्सिअस निघतं. काळ दुप्पट, २०० कोटी धरला तर ११२० च्या आसपास. म्हणजे काळाचा अंदाज बराच चुकला तरी तापमान पंधरा-वीस अंशांनीच हलतं. उलट बाजूने पाहिलं तर ५० अंशांची चूक काळ आठपट बदलते. म्हणून ही पद्धत तापमानासाठी वापरा. हिऱ्याचं वय हिच्यावरून कुणीही काढू नये, आणि प्रबंधात तसं लिहिलेलं परीक्षकाने मान्य करू नये.

मोजणीतल्या अडचणी:

जाडी ही सर्वांत मोठी. अर्ध्या कॅरेटच्या अष्टफलकाची कड सुमारे ४ मिमी असते. ५०० पीपीएम नायट्रोजन ए केंद्रात असेल तर १२८२ ला शोषणगुणांक ३० प्रति सेंमीच्या जवळ जातो (गुणांक गुणिले १६.५ म्हणजे पीपीएम. बी साठी तोच आकडा ७९.४). ४ मिमीतून शोषण १२ येतं, म्हणजे डिटेक्टरपर्यंत काहीच पोचत नाही आणि वर्णपटात शिखराच्या जागी सपाट, खडबडीत माथा दिसतो. त्यावर बसवलेला कोणताही आकडा खोटा असतो. अर्ध्या मिमीच्या कापात तेच शोषण १.५ राहतं आणि व्यवस्थित मोजता येतं. अख्ख्या नगावर मोजायचंच असेल तर पातळ कडेच्या कोपऱ्यातून किरण जाऊ द्या आणि ते फक्त टाइप ओळखण्यापुरतं वापरा.

जाडी कॅलिपरने मोजण्यापेक्षा हिऱ्याच्या स्वतःच्या शोषणावरून काढा. १९९५ प्रति सेंमीला शुद्ध हिऱ्याचा शोषणगुणांक सुमारे १२ असतो, त्यावर वर्णपट जुळवला की जाडीचा प्रश्न सुटतो.

ए आणि बी दोघेही १२८२ ला शोषतात, त्यामुळे नुसती शिखराची उंची घेऊन भागत नाही. पूर्ण पट्टा ए, बी आणि डी (प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म, पातळ दोषांशी निगडित) घटकांत फोडावा लागतो. क्विडिट नावाची पायथनमधली मोफत प्रणाली हे करते आणि नकाशेही काढते.

मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली वाफ त्रास देते. तिच्या बारीक रेषा १४०० ते १९०० च्या दरम्यान पसरतात, आणि प्लेटलेटचं शिखर १३६० ते १३७५ च्या आसपास असल्याने त्याच्या पायथ्यालाच गोंधळ होतो. नमुन्याच्या कप्प्यात कोरडा नायट्रोजन किमान वीस मिनिटं सोडा आणि पार्श्वभूमी दर काही मोजण्यांनंतर नव्याने घ्या. सकाळची पार्श्वभूमी संध्याकाळी चालत नाही.

घंटीकर

कापाबद्दल. काप अष्टफलकाच्या मधोमध, डोडेकाहेड्रल प्रतलाला समांतर हवा, म्हणजे गाभ्यापासून कडेपर्यंतचे सगळे वाढीचे थर एकाच पृष्ठावर येतात. गाभा चुकला तर सर्वांत जुना थर गेला. दुसरं कारण कारागिरीचं: हे प्रतल, कारागिरांच्या भाषेत टू-पॉइंट, घंटीवर (घासायच्या फिरत्या चाकावर) घासलं जातं, थ्री-पॉइंट म्हणजे अष्टफलकाची बाजू घासलीच जात नाही. कारागिराला 'प्लेट, टू-पॉइंट, जाडी अर्धा मिमी, दोन्ही बाजू पॉलिश' एवढं सांगितलं की पुरे. दोन्ही बाजू समांतर हव्यात हे मात्र ठासून सांगा, त्याला दागिन्यात त्याची गरज पडत नाही.

लेझरने कापल्यावर कापाच्या तोंडावर ग्रॅफाइटचा काळा थर बसतो. तो काढायला बाजारात उकळत्या ॲसिडमधून नग काढतात. इथेच काळे ठिपके, म्हणजे बहुधा सल्फाइड (गंधकयुक्त खनिजं), जातात. काळ्या ठिपक्याची चीर पृष्ठापर्यंत आली असेल तर ॲसिड आत शिरतं आणि ठिपका पोकळ होतो. त्यामुळे बॉइलिंगला द्यायच्या आधी प्रत्येक चीर तीसपट भिंगाखाली, हिरा मिथिलीन आयोडाइडमध्ये बुडवून बघा. चीर उघडी असेल तर बॉइलिंग नको, घंटीवरच काळा थर उतरवून घ्या. हायड्रोफ्लुओरिक ॲसिडने सिलिकेट दाण्यांचंही हेच होतं.

गार्नेट-वेध

वरच्या दोघांनी हिऱ्याचं सांगितलं, आता आतल्या दाण्यांचं.

काळे ठिपके आणि भोवती चकतीसारख्या चिरा हे सल्फाइडचं ठरलेलं रूप आहे. हिरा वर येताना दाब कमी होतो, सल्फाइड हिऱ्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं आणि भोवतालचा हिरा फोडतं. चिरेत ग्रॅफाइट बसतं म्हणून ती काळी दिसते. रामनमध्ये चिरेवर १५८० प्रति सेंमीला ग्रॅफाइट आणि १३३२ ला हिरा दिसेल. सल्फाइड स्वतः रामनला फारसं देत नाही, तेव्हा काही आलं नाही म्हणून निराश होऊ नका.

जांभळट दाणा बहुधा क्रोमियमयुक्त पायरोप गार्नेट आहे, म्हणजे हिरा पेरिडोटाइट खडकात (प्रावरणाच्या मुख्य खडकात) वाढला. नारिंगी असता तर इक्लोजाइट (बेसाल्टसारख्या घटकांचा, दाबाखाली बनलेला खडक). रंगावर निष्कर्ष थांबवू नका. रामनने गार्नेट आहे एवढं पक्कं करा (ऑलिव्हिन असेल तर ८२४ आणि ८५६ ची जोडी दिसते), आणि रासायनिक घटक ईपीएमएवर. क्रोमियम भरपूर आणि कॅल्शियम कमी निघालं तर तो हार्झबर्गाइटमधला (पेरिडोटाइटच्या एका प्रकारातला), गार्नेटच्या जी१० या रासायनिक वर्गाचा. ५३२ नॅनोमीटर लेझरने हिऱ्याची प्रतिदीप्ती वर्णपट झाकून टाकत असेल तर ७८५ वर जा.

दाण्याला हिऱ्यासारखे कोन असतील तर लगेच 'दोघे एकाच वेळी वाढले' असं लिहू नका. हिरा आपला आकार जुन्या दाण्यावरही लादू शकतो. ऑलिव्हिनच्या बाबतीत क्ष-किरणांनी स्फटिकांच्या दिशा मोजल्या तेव्हा हिऱ्याशी त्यांचा ठरावीक मेळ अनेकदा आढळला नाही. याला महत्त्व आहे, कारण वय निघतं ते दाण्याचं. हिऱ्याचं तेच वय आहे हे वेगळं दाखवावं लागतं. त्यासाठी कॅथोडोल्युमिनेसन्सचा फोटो लागतो: दाणा कोणत्या वाढीच्या थरात बसलाय, त्याच्यावरून थर अखंड गेलेत की एखादी भरलेली चीर बाहेरून आत आलीय. हा फोटो न काढता हिरा फोडला तर हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

आता वयाबद्दल. गार्नेटवर समॅरियम-निओडिमियम पद्धत १९८४ मध्ये स्टीफन रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली आणि फिन्शच्या हिऱ्यांवर वापरली आणि ३०० कोटी वर्षांहून जास्त वय काढलं. पण एकेका दाण्यात निओडिमियम इतकं कमी होतं की शेकडो गार्नेट एकत्र विरघळवावे लागले. तुमच्याकडे एक आहे. सल्फाइडमध्ये रेनियम-ऑस्मियम पद्धतीने एकेका दाण्याचं वय निघतं, कारण सल्फाइड ऑस्मियम धरून ठेवतं. रेनियम-१८७ चं अर्धायुष्य ४,००० कोटी वर्षांहून जास्त. मात्रा इतक्या सूक्ष्म असतात, पिकोग्रॅम आणि त्याखाली, की अतिस्वच्छ प्रयोगशाळा आणि ऋण आयन मोजणारा वस्तुमान वर्णपटमापक लागतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पात ते बसत नाही, पण दाणा नीट काढून ठेवला तर पुढे कुणी तरी मोजू शकेल.

नीट काढणं म्हणजे अख्खा काढणं. खोलवर ते एकच सल्फाइड होतं, थंड होताना त्याचे पायरोटाइट, पेंटलँडाइट आणि चाल्कोपायराइट असे भाग झाले. तांब्याचा भाग पुष्कळदा चिरेत ढकलला जातो. अर्धाच दाणा हाती लागला तर रेनियम आणि ऑस्मियमचं गुणोत्तर मूळचं राहत नाही आणि वय चुकतं. हातोडी वापरू नका. पोलादी नळकांडं आणि त्यात घट्ट बसणारा दट्ट्या घ्या, हातप्रेसने हळू दाब द्या. हिरा अष्टफलकी प्रतलावर चिरतो आणि तुकडे आतच राहतात. दाणा ईपीएमएसाठी घासून सपाट करू नका, माल जातो. न घासता एसईएमवर ईडीएसने (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या जोडयंत्राने) निकेल बघा: पेरिडोटाइटच्या सल्फाइडमध्ये निकेल भरपूर, इक्लोजाइटच्यात कमी.

खडकमित्र

खूप मदत झाली. दोन उपप्रश्न. जांभळ्या गार्नेटवरून खोली निघेल का? आणि खाण माहीत नाही याने नेमकं काय बिघडतं?

गार्नेट-वेध

एकट्या साध्या गार्नेटवरून खोलीचा आकडा निघत नाही. शेजारी ऑर्थोपायरॉक्सीन असतं तर त्यातल्या ॲल्युमिनियमवरून दाब काढता आला असता. क्रोम-डायोप्साइड असता तर एकट्या त्या दाण्यावरून दाब आणि तापमान दोन्ही निघतात. दोन खनिजं एकमेकांना चिकटलेली आहेत की वेगवेगळी कोंडली गेलीत हेही नोंदवा: चिकटलेली जोडी नंतरच्या तापमानाशी जुळवून घेत राहते, सुटे दाणे कोंडले गेले त्या वेळचं तापमान जपतात. सरमिसळ केली तर कधीच नसलेली अवस्था हाती लागते.

गार्नेटमध्ये एक मात्र जरूर तपासा. १२ ऑक्सिजनवर सूत्र मांडा आणि सिलिकॉनचे अणू मोजा. ३.०० च्या आसपास असेल तर साधा, शिलावरणातला (भूकवच आणि त्याखालच्या कठीण प्रावरणातला), म्हणजे १५० ते २०० किमीचा पट्टा. ३ पेक्षा स्पष्ट जास्त असेल तर मेजोराइट (फार जास्त दाबावर बनणारं गार्नेट) घटक आहे आणि हिरा २५० किमीहून खोल, शिलावरणाच्या खालचा. ईपीएमएचं सिलिकॉनचं कॅलिब्रेशन एक टक्क्याने जरी हललं तरी ३.०० चं ३.०१५ च्या आसपास होतं, म्हणून त्याच सत्रात ज्ञात पायरोपचा प्रमाण नमुना मोजा आणि त्याचं सिलिकॉन किती येतं ते शेजारी लिहा.

तुमचे नग तसे निघण्याची शक्यता कमी आहे. खोलवरचे हिरे बहुधा नायट्रोजन जवळजवळ नसलेले आणि वेडेवाकड्या आकाराचे असतात. ब्राझीलच्या जुईना भागातल्या अशाच एका हिऱ्यात ग्रॅहम पिअर्सन यांच्या गटाला २०१४ मध्ये रिंगवूडाइट (ऑलिव्हिनचं जास्त दाबावरचं रूप) सापडलं, त्यात वजनाने सुमारे दीड टक्का पाणी होतं. ४१० ते ६६० किमीच्या पट्ट्यात निदान काही ठिकाणी पाणी आहे याचा तो पहिला थेट नमुना. दाणा सुमारे ४० मायक्रॉनचा होता आणि तो दिसला रामन व क्ष-किरणांमुळे, हिरा न फोडता. म्हणूनच सुरुवातीला 'आधी रामन' हा क्रम सांगितला गेला.

समस्थानिक

खाणीच्या प्रश्नाचं उत्तर. खाण माहीत नसली तरी टाइप, तापमान, पेरिडोटाइट की इक्लोजाइट, वाढीचे थर, कार्बनचे समस्थानिक हे सगळं शिल्लक राहतं. पेरिडोटाइटच्या हिऱ्यांत डेल्टा कार्बन-१३ (प्रमाण नमुन्याच्या तुलनेत कार्बन-१३ किती कमी-जास्त) बहुतेक उणे ५ प्रति हजारच्या आसपास घोटाळतो. इक्लोजाइटच्यात तो उणे ४० पर्यंतही जातो, आणि समुद्रतळासोबत खाली गेलेला कार्बन हे त्याचं एक प्रमुख स्पष्टीकरण आहे.

जातं ते भूगोलाशी जोडलेलं सगळं. नायट्रोजनच्या गणितात 'प्रावरणात काढलेला काळ' म्हणजे हिऱ्याच्या जन्मापासून किंबरलाइटच्या (हिरे वर आणणाऱ्या ज्वालामुखी खडकाच्या) उद्रेकापर्यंतचा काळ, आणि उद्रेकाचं वय खाणीवरून कळतं. ते गृहीत धरावं लागेल. ५० कोटी आणि ३०० कोटी अशी दोन टोकं घेऊन तापमानाची मर्यादा द्या, एकच आकडा देऊ नका. आणि कोणत्या क्रेटॉनखाली (खंडाच्या जुन्या, स्थिर गाभ्याखाली) काय घडलं याबद्दल एक अक्षरही लिहिता येणार नाही. स्टीव्हन शायरी आणि रिचर्डसन यांनी २०११ मध्ये दाखवलं की इक्लोजाइटची इन्क्लूजन सुमारे ३०० कोटी वर्षांनंतरच दिसू लागतात, आणि त्यावरून खंडांच्या टकरीचं चक्र तेव्हा सुरू झालं असं मांडलं. त्या मांडणीचा पाया हाच होता की प्रत्येक वयाच्या मागे ठाऊक खाण आणि ठाऊक क्रेटॉन होता. मिक्स मालातून असं काम कधीच उभं राहत नाही. पुढच्या वेळी पन्नाच्या मझगवाँ खाणीचा नोंद असलेला एक नग मिळाला तर तो या सहांपेक्षा अधिक मोलाचा.

गिरगावचा

बाजूचा प्रश्न: सगळा दख्खन ज्वालामुखीचा, मग आपल्याकडे हिरे का नाहीत?

समस्थानिक

बेसाल्टचा शिलारस हिऱ्याच्या पट्ट्याहून उथळ थरांत तयार होतो, भूकवचात रेंगाळतो आणि १२०० अंशांच्या आसपास असतो. वाटेत हिरा सापडला असता तरी कमी दाबावर तो टिकला नसता. किंबरलाइट १५० किमीच्या खालून निघतो आणि काही तास ते काही दिवसांत पृष्ठावर येतो. आंध्रातल्या वज्रकरूर आणि पन्नाच्या मझगवाँ यांचे उद्रेक सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे. छत्तीसगडच्या मैनपूरचे पाइप मात्र सुमारे ६.५ कोटी वर्षांचे, म्हणजे दख्खनच्याच काळातले, आणि त्यातल्या बेहराडीहमध्ये हिरे आहेत. तेव्हा मध्य भारताच्या त्या भागाखाली शिलावरण किती जाड उरलं होतं हे तिथल्या दाण्यांतून कळू शकतं. या विषयात काम करायचं असेल त्याने तिकडे बघावं.

खडकमित्र

राखाडी घनाचं काय करू? आणि सल्फाइड परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचं झालं तर कागदपत्रं?

लहरसंख्या

राखाडी घन बहुधा तंतुमय हिरा आहे. बाजारात त्याला किंमत नसते, पण तुमच्या सहांतला कदाचित तोच सर्वांत बोलका. त्यात लाखो सूक्ष्म थेंबांत प्रावरणातला द्रव अडकलेला असतो: पाणी, कार्बोनेट, क्षार, सिलिकेट. एफटीआयआरमध्ये ३४०० च्या आसपास रुंद पाण्याचा पट्टा आणि १४३० च्या आसपास कार्बोनेट दिसेल. नायट्रोजन बहुतेक ए केंद्रातच असेल, म्हणजे तो उद्रेकाच्या थोडाच आधी वाढला. फोडू नका. ०.२ मिमीचा काप करून घ्या, कारण जाड कापातून प्रकाशच जात नाही. आणि तो काप ॲसिटोनने धुऊन ११० अंशांवर रात्रभर सुकवा, नाहीतर पृष्ठावरच्या दमट हवेचं पाणी प्रावरणातलं म्हणून मोजलं जाईल.

घंटीकर

कागदपत्रं: रफ हिरा देशाबाहेर पाठवायला किंबर्ली प्रोसेसचं (संघर्षग्रस्त भागातले हिरे रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचं) सर्टिफिकेट लागतं, २००३ पासून. भारतात ते जीजेईपीसी (रत्न व दागिने निर्यात परिषद) देते, मुंबईतच काम होतं. नुसता चिरलेला किंवा करवतलेला हिराही रफमध्येच धरतात (७१०२.१०, ७१०२.२१ आणि ७१०२.३१ ही सीमाशुल्काची शीर्षकं), त्यामुळे फोडलेले तुकडे पाठवायचे तरी तोच नियम. पार्सल सीलबंद आणि सर्टिफिकेटवरचं वजन जुळणारं हवं. हिऱ्यातून पूर्ण सुटलेला सल्फाइडचा दाणा हिरा नाही, पण त्याला हिऱ्याचा कण चिकटलेला असेल तर पाठवण्याआधी जीजेईपीसीला विचारून घ्या. आणि मूळ खरेदीची पावती जपून ठेवा, सर्टिफिकेटच्या अर्जासोबत माल कुठून आला ते दाखवावं लागतं.